लंडनच्या गिऱ्हाइकाने भाव केला नाही

बारामती,
ता. २४ ऑगस्ट १९९९

प्रिय मानसिंगभावोजी,

मंगळवार, ता. १७ ऑगस्ट १९९९, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, बँकेच्या तीन नंबरच्या काउंटरवर मला भर रांगेत फसवलेली बाई म्हणून जाहीर करण्यात आलं. वेळ अचूक आहे. बँकेचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, तेही मी तिथल्या तिथे त्यांना सांगितलं.

हे आधी लिहिलं, कारण तुम्ही माझी पत्रं पहिल्या पानानंतर वाचत नाही, असं सरूनेच मला सांगितलं आहे. आता रीतसर. तुम्हाला आणि सरूला अनेक आशीर्वाद. तुमचा गुडघा कसा आहे? खानावळीत दिवसभर उभं राहू नका, गिऱ्हाइकं मासे खायला येतात, तुम्हाला बघायला नाही. सासूबाई इथे मजेत आहेत, म्हणजे सकाळपासून माझ्या स्वयंपाकाला, दुपारी टीव्हीला आणि संध्याकाळी मला नावं ठेवतात. तुमचे दादा ठीक आहेत. त्यांना यातलं काही ठाऊक नाही आणि ते तसंच राहावं.

मुद्दा असा की, तुमच्या छकुलीने येत्या सोमवारी, ता. ३० ला, मुंबईला जो ड्राफ्ट पाठवायचं ठरवलं आहे तो जाता कामा नये. पोरीने दोन वर्षं उसाच्या ट्रॉल्यांवर मोर, कमळं आणि 'आईची पुण्याई' रंगवून चौदा हजार जमवले ते पुण्याच्या चित्रकला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी. ते सोमवारी गेले तर पोरगी जन्मभर ट्रॉल्याच रंगवील. फोन करत नाही, कारण तुमच्या शेजारच्या बूथवर निरोप दिला की अर्ध्या भिगवणला कळतो, आणि तुम्ही फोनवर 'व्हय वैनी, व्हय वैनी' म्हणता व मग काहीच करत नाही. कागद हातात असला की माणसाला लाज वाटते. मी स्वतः येणार होते, पण एसटीच्या त्या सीटांवर माझी कंबर धरते.

आता घडलं ते सांगते. निवृत्त झाल्यावर मी ऑर्डरीची चित्रं काढू लागले हे तुम्हाला माहीत आहेच (गेलेल्या माणसांची, पासपोर्टच्या फोटोवरून. गेलेली माणसं हलत नाहीत आणि नाक असं का काढलं म्हणून भांडत नाहीत, त्यांचे मुलगे भांडतात). आमच्या गल्लीच्या तोंडाशी इब्राहिमभाईंचा टायपिंगचा क्लास होता. टायपिंग शिकायला कोणी येईना म्हणून त्यांनी एक कॉम्प्युटर आणला आणि पाटीवर 'इंटरनेट' लिहिलं. त्यांनीच माझ्या धनगरांच्या सहा चित्रांचे फोटो त्यात घातले. म्हणाले, बाई, आता जग बघेल. जगातल्या एका माणसाने बघितलं. मिस्टर रेजिनल्ड पेम्बर्टन, लंडन.

काय सांगू भावोजी, किती अदबीने लिहिलं होतं! बायकोला मेंढपाळांची चित्रं फार आवडतात, पाच ऑगस्टला तिचा वाढदिवस आहे, तिला गुपचूप भेट द्यायची आहे, सहाच्या सहा चित्रांची किंमत कळवावी. मी जीव मुठीत धरून बारा हजार सांगितले. (बारामतीत एवढ्यात लोक चित्रकारासकट चित्र मागतील.) दुसऱ्या दिवशी उत्तर, मान्य. चित्र केवढं आहे, रंग कोणते, कागदावर की कापडावर, चौकट आहे का, एक प्रश्न नाही. इथे माझं कॉन्व्हेंट आडवं आलं. सिस्टर ऑगस्टिनाने आम्हाला शिकवलं होतं की सभ्य माणूस भाव करत नाही. शिवणकाम, पियानो, काट्याने वाटाणे खाणं, सगळं शिकवलं त्या बाईने. सभ्य माणूस पैसेही देत नाही, एवढं शिकवायचं राहिलं.

मी ती ई-मेल मोठ्याने वाचत होते आणि सासूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी विचारलं, 'किती पाडून मागितलं त्यानं?' मी म्हटलं, काही पाडलं नाही, मोठ्या मनाचा माणूस आहे. तर म्हणाल्या, 'मन मोठं न्हाय गं, त्याला द्यायचंच न्हाय. ज्याला द्यायचं आस्तं त्यो मेंढराचं दात बघतो, पाठ चापसतो, रुमालाखाली बोटं धरून घंटाभर वाद घालतो. आन् ह्यो म्हनं, न बघताच घेतो! आगं, असं कळप न्हेलेली मानसं म्या बघितल्याती.' मी त्यांना सांगितलं की लंडनमध्ये रुमालाखाली बोटं धरत नाहीत. 'मग गळा धरत आस्तील,' म्हणाल्या आणि लसूण घेऊन आत गेल्या. हे मी आज लिहिते आहे, त्या दिवशी मी त्यांना अडाणी म्हटलं होतं. (त्यांना नाही, यांना सांगितलं. पण सासूबाईंनी ऐकलं.)

मग चेक आला. रजिस्टर पाकीट, विलायती बँकेचं नाव, आणि रक्कम आपल्या हिशेबाने तीस हजारांच्या घरात. पाठोपाठ ई-मेल: सेक्रेटरीने चुकून जास्त रकमेचा चेक काढला, वरचे अठरा हजार कृपया आमच्या मुंबईच्या माल पाठवणाऱ्या एजंटला ड्राफ्टने द्यावेत, तोच येऊन चित्रं नेईल, आणि लवकर, कारण वाढदिवस. आता सांगा, एजंटचे पैसे एजंटला त्याने स्वतः का देऊ नयेत? लंडनहून बारामतीला येऊन पैसे मुंबईला का जावेत? हा प्रश्न मला पडला, पण वाढदिवसाच्या घाईत मी तो विचारला नाही. घाई हीच त्यांची हातचलाखी, भावोजी. ज्याला खरंच चित्र हवं असतं तो आठ दिवस थांबतो. कळसच्या पाटलांनी वडिलांच्या मिशीसाठी मला सात महिने लटकवलं होतं.

चेक मी बँकेत भरला. काउंटरवरचा सोपान म्हणाला, 'मॅडम, परदेशी चेक हाय, वटायला महिना जाईल. तोवर ह्यो पैसा तुमचा न्हाय.' मी स्लिपवरच्या निळ्या शिक्क्याकडे बोट दाखवलं. बत्तीस वर्षं सरकारी अनुदानाच्या शाळेत काढलेल्या बाईला शिक्का दिसला की पैसे मिळाल्यासारखंच वाटतं. त्याच दुपारी मी माझ्या खात्यातले अठरा हजार काढून एजंटच्या नावे ड्राफ्ट केला. सोपानने तीनदा विचारलं, मॅडम, नक्की का? मी म्हटलं, माझा पैसा आहे, तुझ्या बापाचा नाही. (हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं, ते तुमच्या घरात आल्यावर शिकले.)

ड्राफ्ट तिकडे वटला, चित्रं न्यायला कोणी आलं नाही, आणि सतरा तारखेला चेक परत आला. ज्या खात्यावरचा तो होता ते खातंच नाही. हे सोपानने हळू आवाजात सांगितलं होतं, पण मॅनेजर केबिनमधून ओरडले, 'त्या लंडनवाल्या फसलेल्या बाई आल्या का?' रांगेतल्या लोकांनी मला बसायला जागा दिली. आजवर मला कोणी बँकेत बसायला जागा दिली नव्हती, भावोजी. पोलिसांत गेले तर हवालदाराने लंडन कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येतं ते विचारलं.

आता छकुलीबद्दल. तिच्या नावाच्या ई-मेलही इब्राहिमभाईंच्याच दुकानात उतरतात, त्या छापून ते पोस्टाने भिगवणला धाडतात. काल त्यांनी मला बोलावून तिला गेलेल्या पत्राची प्रत दाखवली. शब्दन्‌शब्द तेच पत्र! मेंढपाळांच्या जागी तेवढ्या ट्रॉल्या. तेच पेम्बर्टन, तीच बायको, फक्त वाढदिवस सहा सप्टेंबरला. एक बाई महिन्याभरात दोनदा जन्मते, तेही नवऱ्याला चेक फाडावासा वाटेल तेव्हा. तिलाही जास्तीचा चेक आला आहे आणि एजंटला चौदा हजार द्यायचे आहेत, सोमवारी देते असं तिचं उत्तरही इब्राहिमभाईंकडूनच गेलं आहे. भिगवणच्या ट्रॉलीवरचा मोर लंडनच्या दिवाणखान्यात लावणारी बाई जगात असेलही, पण ती आधी मोर केवढा आहे ते विचारील.

तेव्हा चेक भरलाच असेल तर असू द्या, पण तो वटून पैसे खरोखर हातात आल्याचं बँकेने कागदावर लिहून देईपर्यंत एक रुपया कोणाला द्यायचा नाही. आणि मोर गिऱ्हाइकाने भिगवणला येऊन बघून न्यावा, आपल्याकडे मासेही मिळतात.

सोमवारी ता. ३० ला दुपारी चार वाजेपर्यंत ड्राफ्ट काढला नसल्याचं लेखी उत्तर माझ्या हाती पडलं पाहिजे. 'व्हय वैनी' हे लेखी उत्तर धरलं जाणार नाही.

तुमची वहिनी,
कुमुदिनी

ता. क. : उत्तर घरी पाठवू नका, इब्राहिमभाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. अठरा हजारांची कवळी बसवली असं मी यांना सांगितलं आहे. त्यांनी अजून तोंड उघडायला सांगितलेलं नाही.

ता. क. २ : कंबर माझी ठणठणीत आहे. पेम्बर्टनने मला विचारलं होतं की आणखी एखादा होतकरू, प्रामाणिक, सांगितलेलं ऐकणारा चित्रकार माहीत आहे का. मी छकुलीचं नाव, पत्ता आणि दीड पान शिफारस लिहून दिली. ती माझ्या शब्दाबाहेर नाही, असंही लिहिलं. त्या माणसाला एवढी सविस्तर माहिती दुसऱ्या कोणी दिली नसेल. म्हणून तिच्यासमोर यायचं धाडस होत नाही.

ता. क. ३ : हे पत्र तिला वाचायला द्या, सगळं. पहिल्यांदा मी ते तुम्ही एकट्याने वाचून फाडावं असं लिहिणार होते. आणि वर मागितलेलं उत्तर तुमच्या हातचं नको. तिच्या हातचं हवं, दोन ओळींचं चालेल. शिव्या असल्या तरी चालेल. सोमवार, दुपारी चार. नंतर आलेलं उत्तरही मी घेईन, पण तिला तसं सांगू नका.