डावीकडचं तेल

४ ऑगस्ट १९९६, रविवार
मुलीकडच्यांचा परत नकार. कारण तेच, केस. बास झालं! महाप्याला औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे मी, अडाणी नाही. स्वतःच तेल बनवलं. जास्वंद, कांद्याचा रस आणि लॅबमधलं एक रसायन. नाव लिहीत नाही, पेटंट घ्यायचंय. लग्न या वर्षीच करणार.

५ ऑगस्ट
ऑफिसातल्या स्टॅटिस्टिक्सच्या राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, पेअर्ड टेस्ट करा. वेगवेगळी माणसं नकोत, जोडी घ्या, म्हणजे खाणं, पाणी, टेन्शन सगळं सारखं. मग माझ्या डोक्याइतकी चांगली जोडी कुठली? डावीकडे तेल, उजवीकडे काही नाही. दोन कंगवे. रोज दोन्हीकडचे गळलेले केस मोजायचे, फरक काढायचा.

९ ऑगस्ट
डावीकडे गळती जास्त. सुरुवातीला असं होतंच. हा आठवडा हिशेबात धरणार नाही. आई म्हणते, बंद कर रे बाबा ते. तिला सायन्समधलं काय कळतंय!

२५ ऑगस्ट, रविवार
वा! डावीकडची गळती उतरली. थंडावाही जाणवतो, विशेषतः वारा सुटला की. आई सारखी टोपी पुढे करते. फोटो स्टुडिओवाला म्हणाला, उजवीकडूनच काढू. माझा तो अँगल चांगला असावा.

१० सप्टेंबर
डावा कंगवा जवळजवळ स्वच्छ. टेस्ट केली. फरक सिग्निफिकंट! मॅडम म्हणाल्या, गणित बरोबर आहे. मग माझ्या डोक्याकडे बघतच राहिल्या. भारावल्या असणार.

१५ सप्टेंबर, रविवार
ऐरोलीला मुलगी बघायला गेलो. श्रुती नाव. आई बजावत होती, टोपी काढू नकोस. काढली. पोहे खाता खाता सगळी टेस्ट समजावली. श्रुती मन लावून ऐकत होती. माझं इतकं कुणी कधी ऐकलं नव्हतं. फार आवडली मला. शेवटी तिने एकच विचारलं, डावीकडे गळायला केस उरलेत का? तिच्या भावाला ठसका लागला. आई खाली बघत बसली. मी म्हणालो, प्रश्न चांगला आहे, तपासून कळवतो.

१९ सप्टेंबर
तपासलं. आईने मागून दुसरा आरसा धरला. नाहीत.
श्रुतीकडून नकार आला. मुलगा हुशार आहे म्हणाले. फार वाईट वाटलं आज. जेवलो नाही.
बाटलीत थोडं तेल होतं. उजवीकडे लावून टाकलं. निदान दोन्ही बाजू सारख्या तरी दिसतील.