बाबांना न दिसणारं पायाचं मशीन

प्रिय धाकट्या,

'प्रिय' हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. राहू दे, खोडलं तर म्हणशील ताई नाटकं करते. फोनच करणार होते, पण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' करतोस आणि तिकडे गिऱ्हाइकाला खुणा करत असतोस. म्हणून हा कागद. दुकानात वाचू नकोस, घरातही नको, बाबा असतात. गाडीत बसून वाच. आणि मध्येच घडी घालून खिशात कोंबू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

बाबांचं विसरणं फार वाढलंय असं तूच कळवलंस, म्हणून मी रजा टाकून आले. आले तेव्हा ते मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, नाकावर नवा कोरा चष्मा. आई गेल्यापासून त्या खुर्चीनेच त्यांना सावरलंय, हे तुला मी सांगायला नको. दुकान तुझ्या हाती दिल्यावर त्यांच्याकडे उरलं काय? दुकानाच्या वेबसाइटवर शिलाई मशीन दुरुस्तीची टिपणं लिहायची, एवढंच. पट्टा घसरतो तेव्हा काय बघायचं, बॉबिन अडकली तर कुठला स्क्रू आधी सोडायचा आणि कुठल्याला अजिबात हात लावायचा नाही. कुठल्या कुठल्या गावांहून बायका प्रश्न विचारायच्या, आणि हे दोन बोटांनी टकटक करत उत्तरं द्यायचे. एकीने लिहिलं होतं की तुमच्यामुळे सासूबाईंचं मशीन पुन्हा चालू झालं, तर आठवडाभर घरात येईल त्याला वाचून दाखवत होते. तूही ऐकलं आहेस. चेष्टासुद्धा केलीस.

मी शेजारी बसले तसा त्यांनी आवाज बारीक केला. म्हणाले, हसणार नसशील तर एक सांगतो, मला पायाचं मशीन दिसत नाही. मला वाटलं खोलीतलंच एखादं. तर नाही. टिपण लिहून झालं की एडिटरच्या, म्हणजे लिहायच्या त्या पानाच्या, उजव्या बाजूला वर्गवारीची यादी येते, त्यात 'पायाचं मशीन'पुढे खूण करायची असते, आणि ते नावच त्यांना तिथे सापडत नव्हतं. 'हाताचं मशीन'ही नाही. जुनी सगळी मॉडेलं गायब, फक्त तू विकतोस ती नवी तेवढी दिसतात. आधी त्यांना वाटलं नजर गेली, म्हणून चष्मा बदलला. नव्या चष्म्यातूनही दिसेना. मग त्यांनी तेच नाव नव्याने घालून पाहिलं, तर स्क्रीनवर आलं की या नावाची वर्गवारी आधीपासूनच आहे. पुन्हा घातलं, पुन्हा तेच उत्तर. आहे म्हणतंय आणि मला दिसत नाही, म्हणजे दोष माझ्यातच ना, असं म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळून कीबोर्ड पुसत बसले.

खूण न केलेलं टिपण आपोआप 'इतर'मध्ये पडतं, आणि 'इतर' आपल्या साइटवर कुठेच दिसत नाही. बायकांचे प्रश्न येणं बंद झालं होतं. बाबांना वाटलं, आपण लिहितो तेच आता लोकांना कळत नसावं.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी माझ्यासमोर तुला विचारलं, की बाबा रे, त्या यादीला कुणी हात लावलाय का. आणि तू ताटातून मान वर न करता म्हणालास, तुम्हीच काहीतरी दाबलं असेल बाबा. किती सहज म्हणालास! वर मला त्यांच्या ताटात आणखी वाढायला सांगितलंस. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, म्हणून मी जेवू शकले. आज ते ताट आठवलं तरी घास तोंडात फिरतो.

कारण दुसऱ्या दिवशी, बाबा झोपलेले असताना, मी माझ्या लॉगिनने आत गेले. साइट मीच उभी करून दिली होती, हे तू विसरला असशील. यादी उघडली तर सगळं जागच्या जागी. पायाचं, हाताचं, काजं करायचं, एकूण एक. एक वर्गवारी उघडून बघितली, तर खाली एक नवीन फील्ड, म्हणजे भरायचा रकाना, जोडलेलं. 'एडिटरमध्ये दाखवायचं?' आणि त्यापुढे 'नाही'. दुसरी उघडली, 'नाही'. बाबांनी जन्मभर ज्या ज्या मशीनला हात लावला, त्या प्रत्येकापुढे 'नाही'. 'नाही' असेल ते गाळून टाकणाऱ्या कोडच्या चार ओळीही सापडल्या. नीट लिहिल्या आहेस. तुझ्या-माझ्या मालकाच्या लॉगिनला सगळं दिसावं, फक्त बाबांना दिसू नये, याचीसुद्धा काळजी घेतली आहेस.

आणि मग मला तुझा तो फोन आठवला. वर्गवारीला आपलं वेगळं फील्ड जोडता येतं का, आणि त्यावरून एडिटरमधली यादी गाळता येते का, असं विचारलं होतंस. मी किती खूश झाले! म्हटलं, धाकटा शिकतोय. संपलेले कोर्स यादीतून लपवायला आमच्या ऑफिसात हेच करतात, असं म्हणत सगळं समजावून दिलं. माझ्याच हातून सुरी धारदार करून घेतलीस आणि नेऊन बाबांच्या गळ्यावर ठेवलीस.

कारण कळायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. नवी मशीनं पुरवणाऱ्या त्या एजंटाला जुन्यांची दुरुस्ती खुपते. लोक दुरुस्त करून वापरत बसले तर नवं कोण घेणार! बरं, धंदा आहे, समजू शकते. मग तोंडाने सांगायचं होतंस, बाबा, आता जुन्यांवर लिहू नका. भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला झाला असता. पण तेवढी धमक तुझ्यात कधी नव्हतीच. लहानपणी मशीनवर सुई मोडलीस की तुकडा कापडाखाली सरकवायचास आणि मशीनच खराब आहे म्हणायचास. बाबा काही न बोलता सुई बदलायचे. आता मशीनच्या जागी बाबांनाच खराब ठरवलंस.

ठरवलंस तर ठरवलंस, पण तू त्यांना विसरण्याच्या तपासणीसाठी डॉक्टरकडे घेऊन गेलास रे! मला किळस येते ती याची. आपल्या हाताने लपवलेली गोष्ट म्हातारा शोधतोय हे ठाऊक असताना त्याला गाडीत बसवलंस, सीटबेल्ट लावून दिलास, आणि आत ते घड्याळाचं चित्र काढत होते, आज वार कोणता ते सांगत होते, तेव्हा तू बाहेर बसून मोबाइल बघत होतास. परत येताना त्यांना शहाळं पाजलंस म्हणे. बाबा कौतुकाने सांगत होते, धाकटा फार जपतो मला. मी उठून मोरीत गेले.

शेवटी मी बाबांना सगळं दाखवलं. माझ्या लॉगिनने यादी उघडली, ते फील्ड दाखवलं, त्या चार ओळीही दाखवल्या. त्यांनी 'पायाचं मशीन' या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, म्हणजे डोकं शाबूत आहे माझं. आणि हसले. मी रागाने तिथल्या तिथे सगळे 'नाही' पुसायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, असू दे, आणि मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस, लाज वाटेल पोराला. पुढच्या महिन्यात तू त्यांना परत त्या डॉक्टरकडे नेणार आहेस. ते येणार आहेत. तू बाहेर बसशील आणि ते आत मुकाट्याने घड्याळ काढतील, वार सांगतील, विसरभोळे म्हणवून घेतील, कशासाठी, तर तुला मान खाली घालावी लागू नये म्हणून. मी त्यांना शब्द दिला होता की तुला सांगणार नाही. तो मोडायलाच हे पत्र लिहिलं. लाज वाटू दे तुला. आणि वाटली, तर मागच्या खोलीत जा, त्यांच्या शेजारची खुर्ची ओढ, आणि त्यांच्यासमोर, तुझ्या हाताने, एकेक 'नाही' पूस.

काही झालं तरी तुझीच,
ताई