शबाकियाचा भुगा

लाडक्या बतूल,

तुझी शबाकिया भुगाच निघाली, पोरीला हात नाही, असं माझ्या सासूबाई सांगत सुटतील. अख्खी होती गं. मीच मुठीने चुरली.

माझ्या हातची ही तिळामधाची फुलं चाखूनच त्यांनी मला सून करून फेझला आणलं. तेव्हापासून माहेर नाही. "रमजानात तू गेलीस तर फुलं वळणार कोण?"

काल म्हणाल्या, "बहिणीचा हात कसाय तुझ्या? आमचा धाकटाही लग्नाचाच आहे."

आज तुझं ताट आलं. मी चुरा पुढे केला.

"शी! असली सून कोण करेल?" म्हणत त्यांनी बोटं चाटली.

पत्रं त्या वाचूनच धाडतात, म्हणून हे शेगडीवर जाळणार. तू रागावशील. खुशाल रागव, पण तिथेच राहा.

तुझी ताई,
लामिया