मास्तरचं ‘टेक’

४ मार्च, सोमवार

टेक, टेक, टेक! कान किटले माझे. दुकानात मी काज-बटणं करायला बसते की मास्तरची शाळा घ्यायला? जन्मभर कापड बेतलं, कापलं, आणि आता उतारवयात ह्याला इंग्रजीचं खूळ. का, तर मुलगा परदेशातून बोलावतोय — “बाबा, आई गेल्यापासून एकटेच आहात, या आता इकडे कायमचे.” नातीला मराठी येत नाही. म्हणून पुस्तक माझ्या मांडीवर. मराठी मी वाचायचं, इंग्रजी त्यानं बोलायचं. मी चौथीतून घरी बसलेली बाई!

५ मार्च, मंगळवार

चहा टेक, गोळी टेक, माप टेक. मी म्हटलं, आपणही चहा घेतो, गोळी घेतो, माप घेतो. ह्यात शिकायचं काय डोंबल?

“थांबा बाई, पुढे ऐका. फोटो टेक. बस टेक. परीक्षासुद्धा टेक!”

म्हणजे काढायचा, पकडायची, द्यायची — सगळ्याला एकच शब्द. कंजूस मेले! आणि परीक्षा आपल्यात पोर देतं, मास्तर घेतो. तिकडे म्हणे पोरच घेतं.

“मग तिकडचे मास्तर काय माश्या मारतात?”

असा हसला, असा हसला, की कात्री खाली ठेवावी लागली. येडाच आहे.

७ मार्च, गुरुवार

तिकिटाचं काय झालं, विचारलं. म्हणे, बघू. मुलाला धड हो नाही, धड नाही नाही.

आज मला जेवण गेलं नाही. उकाडा असेल.

८ मार्च, शुक्रवार

बँकवाल्या साहेबांचा कोट बिघडला! साहेब दरवर्षी फुगतात. म्हणून मास्तर शिवणीच्या आत दोन बोटं जास्तीचं कापड सोडतो — माया म्हणतो आम्ही — म्हणजे पुढे कोट सैल करता येतो. आज माया सोडलीच नाही. माझ्या देखत पहिल्यांदा! कापताना तोंडाने टेक-टेक चाललेलं ना.

मी कडाडले — “मास्तर, डोकं पोचलं का पुढे विमानाने?”

नेहमी उलटून बोलतो. आज खडू बोटांत फिरवत बसला. मग म्हणाला, “बाई, तिकडे मला ओरडणार कोण?”



९ मार्च, शनिवार

सांगून टाकलं त्याला. नवरा कधीचा गेला, मुलगी सासरी, एक खोली रिकामीच आहे. कोर्टात लग्न करायचं, मगच राहायला यायचं. लोकांच्या तोंडांचं मी बघते. नातीला भेटायला महिनाभर दोघं जाऊन येऊ.

म्हटलं, पाणी प्या आणि विचार करा. पण बुधवारी दुकानाचं शटर पडायच्या आत मला उत्तर पाहिजे.