आईच्या चष्म्याचा नंबर

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (नुसता कागदावरचा समजू नका. पोट खाली, हात पुढे, तोंड पाण्यात, असा नमस्कार मी गेली एकोणीस वर्षं रोज दोन तास घालते आहे. त्यातला आजचा तुम्हाला.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं चष्म्याचं दुकान नीट चाललंय ना? इकडे सगळे खुशाल, असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? रविवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आई सोमवारी सकाळी बॅग भरून ‘चार दिवस भावाकडे राहते’ म्हणून तुमच्याकडे आली. का आली हे तिने सांगितलं नसणारच. मी सांगते. पण आधी खुर्चीत बसा आणि मामींनाही बसवा.

मी ब्रेस्टस्ट्रोक पोहते हे तुम्हाला ठाऊक आहेच. (‘त्यापेक्षा तो भरभर जाणारा प्रकार का नाही पोहत?’ असं तुम्ही मला दर सुट्टीत विचारता, तेही आठवतंय.) मी तो निवडला नाही, माझ्या तोंडाने निवडला. सातव्या वर्षी मला पाण्यात घातलं तेव्हा माझी बडबड थांबेना आणि बाकीच्या प्रकारांत मी अर्धा तलाव पिऊन टाकायची. शेवटी आमचे कोच, ज्यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, वैतागून म्हणाले की हिला असं पोहू दे, ज्यात दर हाताला डोकं वर येतं. निदान बोलून तरी घेईल. तेव्हापासून मी चौथी येते आहे. एकदाच पहिली यायची वेळ आली होती, तर दोनशे मीटरच्या शर्यतीत दीडशेवरच मी थांबले, टोपी काढली आणि लोकांकडे बघून हात हलवला. टाळ्या काही येईनात. आई गॅलरीतून ‘अगं, अजून एक फेरी!’ म्हणून कोकलत होती आणि मला वाटलं, कौतुक चाललंय. त्या दिवशी मी आठवी आले. शर्यतीत आम्ही आठच जणी होतो.

तर ही तुमची बहीण. पंधरा वर्षं त्या गॅलरीत बसून तिने चौदा स्वेटर विणले (तुमच्या निळ्या स्वेटरला क्लोरीनचा वास येतो तो त्यामुळेच), आणि लोकर संपली तेव्हा बाकावर पडलेलं नियमांचं पुस्तक उचलून वाचायला घेतलं. तिथे घात झाला. दोन वर्षांपूर्वी ती पंचांच्या परीक्षेला बसली आणि चक्क पहिली आली. आमच्या घरात पहिलं यायला सुरुवात केली तीसुद्धा तिने! आमच्या प्रकारात भिंतीला दोन्ही हात एकाच वेळी लागावे लागतात, मागेपुढे झाले की बाद. हा नियम तिच्या असा काही अंगात भिनला की बाबांनी एका हाताने फ्रीज लावला तरी ती भुवई वर करते. आम्ही हसायचो. हसायला नको होतं.

रविवारी निवड चाचणी होती. पहिली येईल तीच संघात, बाकीच्यांनी घरी जायचं. मी सव्वीस वर्षांची, आणि माझ्या मागे सोळा-सतराच्या पोरी ओळ लावून उभ्या आहेत, म्हणजे ही माझी शेवटची संधी हे सगळ्यांना माहीत होतं. पंचांना लेन चिठ्ठी टाकून देतात. आईला निघाली पाचवी. पाचव्या लेनमध्ये मी! मुख्य पंच सभ्य गृहस्थ, त्यांनी लेन बदलून देऊ का असं विचारलं, तर ही म्हणाली, ‘मी हात बघते, चेहरे नाही.’ आणि मामा, मी पोहले हो! आयुष्यात अशी कधी पोहले नव्हते. शेवटच्या दहा मीटरला शेजारच्या लेनमधली, आमच्या दंतवैद्यांची मुलगी अगदी बरोबरीला आली होती, तरी मी आधी पोचले. गॉगल वर करून बघते तर आई डोक्यावर हात उंच करून उभी. मला वाटलं, आनंदाने! मीही हात उंच केला. दोघी मायलेकी हात वर करून एकमेकींकडे बघतोय, आणि मी ‘आई, जिंकले!’ म्हणून ओरडतेय. तिने हात खाली घेतला नाही. पंच असा हात वर करतो तो पोहणाऱ्याला बाद करायला, हे मला आठवेपर्यंत शिट्टीसर बाकावर मटकन बसले होते.

सख्ख्या आईने, मामा! मला अजून खरं वाटत नाही. सरांनी तक्रार केली, तर हिने लेखी दिलं, ‘डावा हात उशिरा. अंतर अंदाजे एक वीत.’ वीत! घरी येऊन तिने नेहमीसारखं जेवण वाढलं आणि विचारलं, भात अजून घेतेस का. मी ताटावरून उठले आणि तेव्हापासून तिच्याशी एक शब्द बोलले नाही. आता तुमचं काम. निवड समिती शुक्रवारी बसणार आहे. पंचाच्या नजरेबद्दल शंका असली तर फायदा पोहणाऱ्याला मिळतो. आईचा चष्मा दोन महिन्यांपूर्वी तुम्हीच करून दिलात. तेव्हा दुकानाच्या कागदावर दोन ओळी लिहून द्या, की नंबर जरा चुकला होता. एवढंच. मोठ्या मनाने करा. भाचीचं आयुष्य मार्गी लागेल.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
भाची

ता. क. चिठ्ठीवर शिक्का मारायला विसरू नका. आणि आईला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. पाकीट बंद करत होते तेवढ्यात मुख्य पंचांचा फोन आला. आईने रविवारीच पंचगिरीचा राजीनामा दिला म्हणे. कारण लिहिलंय, ‘यापुढे हात वर करवणार नाही.’ मला ती काही बोलली नाही. बाबांनाही नाही. मी पाकीट परत उघडलं.

ता. क. मामा, चिठ्ठी लिहू नका. नंबर बरोबर आहे. दंतवैद्यांची मुलगी बाजूला दिसली आणि मी घाबरून उजवा हात पुढे टाकला. डावा मागे राहिला, हे मला भिंतीला बोटं लागतानाच कळलं होतं. संघात ती जाईल. जाऊ दे, असं म्हणायला जीभ रेटत नाही, रडूच येतंय. पण ती जाईल. तुम्ही आईला एवढंच सांगा, की पुढच्या रविवारी आमच्या क्लबची शर्यत आहे आणि पंच कमी पडतायत. मी माझं नाव दिलंय आणि तिचंही देऊन टाकलंय, तेही माझ्याच लेनला. भिंतीशी दुसरं कोणी उभं असेल आणि मी जिंकले, तर माझा स्वतःचाच विश्वास बसायचा नाही.