शेवटच्या गडगडाटानंतर

वलगाव,
दि. ९ मे २०२५

सोहमच्या बाबाले,
स. न. वि. वि.

इकडे आमी समदे मजेत आहो. तुमचा फोन रोज येते, तरी पत्र लिहून राहिली. फोनवर समदं घर असते. आई स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवतात, सोहम मधातच हॅलो हॅलो करते, अन् मले जे बोलाचं असते ते पोटातच राहते. पत्रात तुमी एकटे सापडता.

भेंडी जोरात निघून राहिली. दुपारी तीनले मी, आई अन् मांगच्या घरच्या इंदूबाई तोडाले लागतो. पण चार वाजले की आभाळ भरून येते. परवा पेढी नदीच्या पलीकडे वीज पडून एकाचे दोन्ही बैल गेले. गडगडाट सुरू झाला की मी म्हणते घरी चला, तर आई निंबाखाली जाऊन उभ्या राहतात. म्हणतात, तीस वर्सं झाले याच झाडानं मले वाचवलं, तू काल आली अन् मले शिकवते. त्याइले समजावाले तुमी पाह्यजे. तुमी तिकडं लाइनीच्या खांबावर अन् मी इकडं तारेवर, असं चालू आहे.

मांगच्या वेळी तुमी सोडून गेले तो निळा शर्ट मी अजून धुतला नाई. तसाच खुंटीले आहे. आईनं विचारलं कावून, तर म्हटलं साबण संपली. खोटं बोलली.

उन्हात डोक्याले दुपट्टा बांधत जा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची
वर्षाली

*

अकोला,
दि. १४ मे २०२५

प्रिय वर्षाली,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. साबणाचं वाचून मी एकटाच हसलो, तर खोलीवरचा कुंदन विचारे, वहिनीनं काय लिहिलं. म्हटलं, बाजारभाव.

इथं पारा पंचेचाळीसच्या खाली उतरून नाई राहिला. सकाळी अकराच्या आतच खांबावरची कामं उरकतो. त्याच्यानंतर शिडीले हात लावला तर पोळते.

आता काम सोडून ऐक, अन् आईलेही वाचून दाखव. गडगडाट कानावर आला म्हणजे वीज आपल्याले गाठू शकते. तेव्हाच वावर सोडून पक्क्या घरात शिरा. आपल्या वावरापासून रोडवरचं समाजमंदिर जवळ आहे. झाडाखाली तर बिलकूल नाई, झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी मारते. अन् पाऊस थांबला म्हणून निघू नका. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास आतच बसा. लई लोक याच अर्ध्या तासात जातात.

मांगच्या हप्त्यात आमचं शिबिर झालं. एक रबराचा माणूस ठेवला होता. श्वास बंद पडलेल्याच्या छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून जोरजोरात, भराभर तीस वेळा दाबायचं, मग नाक धरून तोंडातून दोनदा श्वास द्यायचा, अन् १०८ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाई. तारेले चिकटलेला असेल तर पयले लाइन बंद. पण वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाई, त्याले लगेच हात लावता येते. हे आमाले लाइनवाल्याइलेही ठाऊक नव्हतं. तू उशीवर करून पाय. सोहमवर करू नको.

सुट्टीचा अर्ज टाकला आहे. वादळाचे दिवस असल्यानं साहेब हो म्हणून नाई राहिले. मले आजकाल सांजच्या वेळी लई करमत नाई. तुमी तिघं तेव्हा ओट्यावर बसून भेंडी निवडत असाल, असं वाटत राहते.

माया वाढती ठेव.

तुझा
सागर

*

वलगाव,
दि. २२ मे २०२५

सोहमच्या बाबाले,
स. न. वि. वि.

पयले हे वाचा, की आई जित्या आहेत, घरी आहेत अन् आज वरणभात जेवल्या. मग बाकीचं वाचा.

फोनवर मी तुमाले म्हटलं की आईले चक्कर आली, सलाईन लावली, आता झोपल्या आहेत. त्या दिवशी तुमच्याकडं वादळानं खांब पडले होते. खरं सांगितलं असतं तर तुमी तारा सोडून तशा वादळात गाडी काढली असती. मले दोघं एकदम गमवाचे नव्हते.

मंगळवारी गडगडाट झाल्याबरोबर मी दोघींले घेऊन समाजमंदिरात गेली. आई कुरकुर करत आल्या. पंधरा मिनिटांत पाऊस थांबला, ऊनही पडलं. वावरात दोन कॅरेट भेंडी उघडी राहिली होती. आई उठल्या. मी म्हटलं अर्धा तास व्हाचा आहे, तुमच्या लेकानं लिहिलं आहे. त्या म्हणाल्या, लेकानं लिहिलं म्हणून का भेंडी सडू देऊ. मी आवाज चढवला. त्याइनं माझा हात झटकला अन् चालत्या झाल्या. मी रागानं बसून राहिली. खरं लिहिते, रागानंच बसली. नाईतर मांगं गेली असती, धरून आणलं असतं.

मग एकच आवाज झाला. डोळ्यापुढं पांढरं झालं. मी धावली तर आई निंबापासून चार हातांवर पालथ्या पडल्या होत्या. श्वास नाई. रोडवरचे लोक जमले, पण कोणी जवळ येईना. इंदूबाईनं माझं लुगडं धरून ओढलं, म्हणे हात लावू नको, अंगात करंट आहे. एक जण म्हणे शेणात गाडा. आभाळ अजून गुरगुरत होतं. मी म्हटलं, इथून पयले रोडवर न्या, हे झाड सोडा. कोणी हलेना, मग मीच बगलेत हात घालून ओढाले लागली, तेव्हा इंदूबाईनं पाय उचलले. समाजमंदिराच्या पडवीत टेकवलं अन् मी छाती दाबाले लागली. काही तरी कट्कन मोडलं. बरगडी होती, डॉक्टरनं मंग सांगितलं. मी थांबली नाई. मोजत होती अन् रडत होती, अन् मोजणं चुकलं की पुन्हा एकपासून. इंदूबाई १०८ ले फोन लावत होत्या. कितव्यांदा श्वास दिला ते माहीत नाई, पण आईच्या गळ्यातून घरघर आली. तशी घाणेरडी घरघर मले आजवर इतकी गोड लागली नव्हती.

अमरावतीले दोन दिवस ठेवलं. हृदय ठीक आहे. पायाले भाजलं आहे. पण दोन्ही कानांचे पडदे फाटले. एक भरून येईल म्हणतात, दुसऱ्याचं नक्की नाई. सध्या काहीच ऐकू येत नाई. काल तुमचा फोन आला तेव्हा त्याइनं तो हातात घेतला, कानाले लावला, अन् नुसता धरून बसल्या. मी काढून घेतला नाई.

तेव्हा पडवीत मले तुमी पाह्यजे होते. आताही पाह्यजे. दुसरं काही लिहिता येत नाई.

तुमची
वर्षाली

*

अकोला,
दि. २९ मे २०२५

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी नजर कमी झाली, तुले स्वतःले वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिलो.

शनिवारी वर्षालीचं पत्र हाती पडलं. साहेबापुढं ठेवलं. त्याइनं वाचलं अन् एक दिवस दिला. रविवारी दिवसभर तुझ्याजवळ बसलो, पण काही बोलणं झालं नाई. मी बोलायचो अन् तू माझ्या तोंडाकडं पाहून हसायची. मले माहीत होतं, तुले काहीच ऐकू येऊन नाई राहिलं. तरी तू मान डोलवत होती. एस.टी.त बसल्यावर मले ते सहन झालं नाई.

जे बोललो ते असं होतं. अमरावतीकडं बदलीचा अर्ज केला आहे. होईल की नाई, कधी होईल, सांगता येत नाई. तोवर दर हप्त्याले तुले वेगळं पत्र टाकीन. अन् मी सांगितलं असं वर्षालीले म्हणू नको तू, पण ती मंगळवारचं मनाले लावून बसली आहे की मी रागानं मांगं राहिली. तिले जवळ घे. शब्द नसले तरी चालते.

आज दिवसभर मलकापूरच्या लाइनवर होतो. एक म्हातारी खाली उभी राहून वरते पाहून ओरडे, बाबू, उतर, ढग आला. मी उतरलो. तिच्या घरात अर्धा तास बसलो. तिनं चहा पाजला. सारखं तुझंच तोंड दिसत होतं.

दहा वर्सं झाले मी घराबाहेर आहो. फोन उचलला की तुझं पयलं विचारणं असे, जेवला का. मी हो म्हणून पुढचं बोलाले लागायचो. उलटून तुले कधी विचारलं नाई. या हप्त्यात फोनवर कोणीच विचारलं नाई, तेव्हा ध्यानात आलं.

मी जेवलो, आई. भाकर, तुरीचं वरण, कांदा. तू जेवली का? स्वतःच्या हातानं लिहून पाठव. दोन शब्द असले तरी पुरे.

तुझा
सागर