विसाच्या नोटेवरचं आपलं वेरूळ

ती. आईस,
चाकणहून आम्रपालीचा जयभीम.

फोनवर धाकटा सनी मध्येमध्ये बोलतो, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. शिफ्टसुद्धा सकाळची मिळाली.

परवा कॅन्टीनमध्ये ओडिशाची मिनती दहाची नोट नाचवत म्हणाली, हे सूर्यमंदिराचं चाक आमच्याकडचं. मी काय गप्प बसते! विसाची काढली अन् म्हटलं, हे बघ माझं वेरूळ. लेण्यांसमोर पेरू विकताना तुझ्या हातातून इतक्या नोटा जातात, कधी एखादी उलटून पाहिलीस का गं?

नोटेच्या कडेला लागून टेबलावर बोट टेकवलं अन् सांगितलं, "इथं माझी आई बसते." तेव्हापासून कुणाकडेही विसाची नोट आली की पोरी तिच्या शेजारी बोट टेकवून विचारतात, "आई बसली का?" मी म्हणते, बसली.

पण सनी म्हणतो, गुडघेदुखीमुळे तू कधीची लेण्यांकडे गेलीच नाहीस. मला का नाही सांगितलंस? डॉक्टरला दाखव. पैशाचं मी बघते.

आणि नसेल जमत तर नको बसूस. मी पोरींना सांगेन, आई आता घरी असते, बोट जरा पुढे सरकवा.

तुझीच,
आम्रपाली